कच्ची कणीक

रविवार, १४ ऑक्टोबर १९६२

गुंडोअण्णाला आज मी तळ्याच्या काठावर सगळ्यांसमोर बोललो. बोललो म्हणजे ओरडलोच. का नाही ओरडणार? माणूस खिशातून कोरडे हरभरे काढतो, मुठीमुठीने पाण्यात फेकतो आणि वर म्हणतो, "पोटभर खाऊ दे की रे बिचाऱ्यांस्नी."

पोटभर! कोरडा हरभरा माशाने गिळला की आत जाऊन फुगतो. माशाच्या पोटात जागा असते केवढी? काल मी मुद्दाम पेल्यात निम्म्यापर्यंत हरभरे घालून वर पाणी ओतलं होतं. सकाळी पेला शिगोशीग, चार दाणे खाली सांडलेले. तो पेला तसाच तळ्यावर नेला आणि गुंडोअण्णाच्या नाकाखाली धरला. तर म्हणतो काय, "उसळ कर जा."

वर आणखी, "नागू, मासा म्हणजे काय तुमचा जावई लागून गेला काय रे, मऊ शिजवून वाढाय?"

सगळे हसले. विश्वेश्वर सरसुद्धा हसले, आणि ते आमच्या अँगलर्स क्लबचे प्रेसिडेंट! रिटायर्ड हेडमास्तर. क्लब म्हणजे सात माणसं, एक वजनकाटा आणि दोड्डप्पन तळ्याच्या काठचं एक पत्र्याचं शेड.

गुंडोअण्णा बेळगावकडचे. बसवनगुडीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क आहेत. त्यांना काय माहीत हे मासे कसे आले? दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने, परसूअण्णाने, आणि मी सरकारी केंद्रातून कार्पची बोटाएवढी पिल्लं दुधाच्या कॅनमधून बसने आणली. कंडक्टरने कॅनचंही तिकीट लावलं. पिल्लांना हवा मिळावी म्हणून अण्णा सगळा रस्ता कॅनमधलं पाणी हाताने हलवत बसला होता. आता एकेक मासा कोपरापासून मनगटापर्यंत आहे. ठरलंय असं, की एकदा त्यांना अंडी घालू द्यायची. तोपर्यंत मासा धरायचा, वजन करायचं, ओल्या हातांनीच उचलायचा आणि परत सोडायचा. मग जिवंत सोडायच्या माशाच्या पोटात तुम्ही फुगणारे हरभरे कसे काय भरता?

अण्णा आर्मीत गेला तेव्हा म्हणाला होता, "मासे तुझ्या ताब्यात, नागू. आणि रोज चार ओळी मराठीत लिही, नाहीतर इंग्लिश शाळेत शिकून पुरता साहेब होशील." म्हणून ही डायरी. रोज जमत नाही. राग आला की जमतं.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

विश्वेश्वर सर घरी येऊन म्हणाले, "सरी, ठीक आहे, नागनाथ. चाऱ्याचं सगळं तूच बघ." तर आता मीच बघणार.

हरभरे आदल्या दिवशी भिजत घालायचे. मग शिजवायचे, दोन बोटांत चिरडतील इतके. मीठ नाही. शेंगदाण्याची पेंड आधी हुंगायची, कुबट वास आला की सरळ फेकून द्यायची, "थोडीच तर बुरशी आहे" हे चालणार नाही. नाचणीचा उंडा पाण्यात घाटून शिजवायचा, गळाला लावायच्या गोळ्या त्याच्याच. आणि तळ्यात एकदम बादलीभर ओतायचं नाही. एक मूठ टाका, मासे खातात का बघा, मग दुसरी. उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी आंबतं. यात अवघड काय आहे? मोठी मोठी माणसं, मुलंबाळं असलेली, आणि एवढं कळत नाही.

आईने एक जुनं मडकं दिलं. मी हरभरे निवडत बसलो तर म्हणते, "इतकं तर मी तुला पण कधी निवडून घातलं नव्हतं."

मग म्हणाली, "मी पण घालू का रे एखादी मूठ? परसूचे मासे ते."

मी स्पष्ट सांगितलं. नाही. आज तू एक मूठ, उद्या देवळात येणाऱ्या बायका एकेक मूठ, परवा अख्खी गल्ली. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तळ्यात एक कणही पडणार नाही.

"बरं साहेब," म्हणाली.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

चीनने हल्ला केलाय. कॉलेजात दुसरं बोलणं नाही. झूऑलॉजीचं प्रॅक्टिकल सोडून सगळे फंड गोळा करायला गेले, मीही गेलो. जो तो मला विचारतो, "तुझा भाऊ आहे ना रे आर्मीत?" आहे, पण स्टोअर्समध्ये आहे, आसामात, फ्रंटच्या कितीतरी मागे. अप्पांनीच सांगितलंय. तर काळजीचं काही नाही.

मला राग आहे तो वेगळाच. महिना होत आला, माझ्या पत्राला अण्णाचं उत्तर नाही. मी काय जगावेगळं विचारलं होतं? फक्त एवढंच, की पेंड उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा वास जातो का, आणि गेला तर कार्पला कळणार कसं. स्टोअर्समध्ये बसलेल्या माणसाला दोन ओळी लिहायला होत नाहीत?

बुधवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळीत फटाके नाहीत, युद्ध आहे, सरी. पण फराळही निम्मा? आणि काल तर कमालच झाली. चिकपेटात सणाची गर्दी ओसरलीसुद्धा नाही, आणि अप्पा साड्यांचं दुकान नोकरावर टाकून भरदुपारी घरी. अप्पा! जे ताप असतानाही गल्ला सोडत नाहीत.

स्वयंपाकघराचं दार लावून दोघं बोलत बसले. मी ढकलून आत गेलो तर आई चुलीकडे तोंड करून. डोळे लाल. म्हणाली, कांदा चिरत होते. विळीवर कांदा नव्हता.

मला चांगलंच कळलं काय ते. माझं पेंडीचं मडकं. वास येतो म्हणून अप्पांचं कधीपासून चाललंय. मला तोंडावर सांगा ना! मी मडकं परसात नेऊन ठेवलं आणि मुद्दाम आपटून ठेवलं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

या घरात काय चाललंय?

एक, रेडिओ. अप्पांनी दुकानात नेला. म्हणे बिघडलाय, चिकपेटातला मिस्त्री बघेल. आठवडा झाला.

पेपरही बंद. "महाग झालाय." एका पेपरने आमचं दिवाळं निघणार होतं वाटतं.

माझी कॉपिंग पेन्सिल नाही. तळ्यावर माशांचं वजन मांडायला मला तीच लागते, शाईच्या अक्षरांवर पाणी उडालं की सगळं वाहून जातं. अप्पांच्या दुकानातून दुसरी आणली, तीही दोन दिवसांत गायब.

आणि कणीक! गळाच्या गोळीला चिकटपणा यावा म्हणून नाचणीत स्वल्प गव्हाची कणीक घालतो मी. डबा वेगळा ठेवलाय. निम्मा रिकामा. आईला विचारलं तर म्हणते, "उंदीर." उंदीर झाकण उघडून परत लावतात काय? हे बोलताना मी बघितलं, तिची जीभ जांभळी. "हे काय?" म्हटलं. "औषध घेतलंय कसलंसं." कसलं औषध, कशासाठी, काही नाही. हल्ली शनिवारी जेवतही नाही.

अण्णाचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलंय म्हणे. बरा आहे. मी म्हटलं दाखवा. अप्पा म्हणाले, "दुकानातच राहिलं."

"माझ्यासाठी काही होतं त्यात? पेंडीबद्दल?"

"तुला आशीर्वाद सांगितलाय."

आशीर्वाद! मी प्रश्न विचारला होता.

रविवार, ११ नोव्हेंबर

तीन कार्प मेले.

मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांपाशी तरंगत होते. पोटं टम्म. मी एकाला हात लावला, दगडासारखं घट्ट. अंगावर जखम नाही, तोंडात गळाची खूण नाही. मग पोट कशाने फुगलं? ज्याने त्याने आपापलं डोकं चालवावं.

मी सरळ गुंडोअण्णापाशी गेलो. "खिसे दाखवा."

"काय?"

"खिसे दाखवा म्हटलं."

त्यांनी मला खालून वर बघितलं. मग एकेक वस्तू काढून दगडावर मांडली. गुळाचा खडा. हिंगाची डबी. आणि ओल्या फडक्यात बांधलेले हरभरे. मी एक दाबून बघितला. शिजलेला होता.

"बायकोकडनं शिजवून घेतलाय, साहेब. चांगली दोन तास कटकट ऐकून," ते म्हणाले. "आता काय? ताप बघताय काय माशांचा?"

सगळ्यांना खरं वाटलं. मला नाही. शिजवलेले दाखवायचे फडक्यात आणि कोरडे टाकायचे कुणी नसताना. मीही काही कालचा नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

आणखी दोन. त्याच पायऱ्यांपाशी.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. तर अप्पा जेवणावरून उठले, अर्धी भाकरी ताटात. "नागू, सकाळ संध्याकाळ तेच. देशात काय चाललंय आणि तुझं काय? माशांचं काय एवढं? मेले तर..."

आणि थांबले. आईकडे बघितलं, हात धुवायला गेले, आणि किती वेळ पाणी ओततच राहिले.

आई मात्र विचारत होती. "कुठले मेले? मोठे का? पायऱ्यांजवळचेच?" म्हटलं, हो, त्याच बाजूचे. तिचा चेहरा असा झाला की मला बरं वाटलं. या घरात एकीला तरी पर्वा आहे.

म्हणून तिला धीर दिला. म्हटलं, "घाबरू नको. कोण मारतंय ते मला माहीत आहे, आणि मी त्याला सोडणार नाही."

रविवार, १८ नोव्हेंबर

क्लबची मीटिंग. मी उभा राहिलो आणि गुंडोअण्णाचं नाव घेतलं. पुरावा विचारला तर म्हटलं, मेलेल्या माशांची पोटं हाच पुरावा. या माणसाला आपण सगळ्यांनी डोळ्यांनी कोरडे हरभरे टाकताना बघितलंय की नाही? बघितलंय. मग?

विश्वेश्वर सरांनी चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, मासे मरायचे थांबेपर्यंत गुंडोरावांनी तळ्यावर येऊ नये.

गुंडोअण्णाने गळाची काठी मोडून पिशवीत घातली. म्हणजे तिचे तुकडे सुटे केले. सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आठवडाभर ऑफिसात साहेबाच्या शिव्या खातोय मी. एक रविवार असतोय. ह्या पोरानं तो पण घेतला." मग माझ्याकडे, "परसू असता तर आधी विचारलं असतं त्यानं. तू नुसताच ओरडतोस."

मला त्याचं काही वाटलं नाही. पकडलेला माणूस असंच बोलणार.

मंगळवार, २० नोव्हेंबर

मीटिंगनंतर गुंडोअण्णा तळ्याकडे फिरकले नाहीत. आज सकाळी पायऱ्यांपाशी आणखी एक.

आता खरंच डोकं फिरलं. मासा ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणला, परसात फळीवर ठेवला, कॉलेजची डिसेक्शनची पेटी काढली. आई देवळात गेली होती.

आत हरभरा नव्हता. एकही नाही. होती कणीक. कच्ची, न शिजवलेली कणीक, लुकणासारखी चिकटून बसलेली, आणि आंबलेली. आणि त्या कणकेत कागद. वळकटी केलेले बारीक कागद, एकात एक अडकून बोळा झालेला. त्यांतून सुटलेल्या जांभळ्या रंगाने आतडं रंगलेलं.

चिमट्याने एक उलगडला. सगळं पुसलं नव्हतं.

राम.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. र ची शेपटी लांब ओढलेली, म थोडा खाली घसरलेला. आईला लिहायला परसूअण्णानेच शिकवलंय, पाटीवर हात धरून. त्याचाही र तसाच.

आमच्यात बायका असला नवस करतात, आजीही करायची. चिठ्ठीवर रामनाम लिहायचं, चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि गोळ्या माशांना घालायच्या. मला माहीत होतं ते. पण आई? माझी आई? जिला मी मडक्यापाशी बसवून सगळं समजावून सांगितलं होतं? माझी कणीक, माझी पेन्सिल, माझे मासे! आणि वर "उंदीर"! पेन्सिलीचं टोक ओलं करून करून जीभ जांभळी, आणि म्हणे "औषध"!

कागदाने मेले, की कॉपिंग पेन्सिलीच्या विषाने, की कच्च्या कणकेने, हे मला नक्की सांगता येणार नाही. तिन्ही त्यांच्या पोटात घालायच्या वस्तू नाहीत, एवढं नक्की.

उद्या तिला तिथेच गाठतो.

बुधवार, २१ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

उजाडता उजाडता तळ्यावर गेलो. आई सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली होती, पातेलं मांडीवर. एकेक गोळी कपाळाला लावायची, ओठ हलवायची, पाण्यात सोडायची. कार्प अगदी तिच्या बोटांपर्यंत येत होते. आमच्या गळाकडे इतक्या विश्वासाने कधी येत नाहीत.

मी वरूनच ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. हे आठवतं, "तू मारलेस! गुंडोअण्णाने नाही, तू! अण्णाने सांभाळायला दिलेला एकेक जीव तू तुझ्या हाताने मारलास!"

आई उठली नाही. पातेलं कलंडून पाण्यात गेलं तरी तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "मी घातलेलं खाऊन मेले?"

"हो."

"माझ्याच हातचं?"

"हो म्हटलं ना! पोट फाडून बघितलंय मी."

पलीकडे गंगव्वा कपडे धूत होती. ती धावत आली, आईला काखेत हात घालून उठवलं आणि मला कानडीत म्हणाली, तोंड मिट आता. मला, कपडे धुणारी बाई! मला खूप राग आला. मग बघितलं, आईचे पाय चालत नव्हते. गंगव्वाने आणि मी धरून घरी आणली.

अप्पा अंगणातच होते. मी त्यांनाही सांगायला सुरुवात केली, चिठ्ठ्या, पेन्सिल, सगळं. त्यांनी मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

परसूअण्णा स्टोअर्समध्ये नव्हताच कधी. नेफात होता, चीनच्या सीमेवर, अगदी पुढे. दिवाळी झाल्यावर दुकानावर तार आली. बेपत्ता.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

युद्ध थांबलंय म्हणतात. शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकलं, कारण आमचा अजून दुकानातच आहे. बिघडला नव्हताच तो.

मी अप्पांशी भांडलो. का नाही भांडणार? मी काय दूधपितं बाळ आहे? अठरा पूर्ण झालीत मला. इतके दिवस तुम्ही दोघं तोंडावर खोटं बोलत होता. पत्र आलं म्हणे! आशीर्वाद सांगितलाय म्हणे! मी मूर्खासारखा पेंडीबद्दल विचारतोय आणि तुम्ही ऐकून घेताय!

अप्पा म्हणाले, "घरात एक माणूस तरी माशांवरून भांडत होता. ते ऐकलं की बरं वाटायचं, नागू. सांगितलं असतं तर तेही थांबलं असतं."

हे काही कारण झालं? मी म्हटलं, हे काही कारण झालं नाही. आणि मग मला तिथे उभं राहवेना.

शनिवार, २४ नोव्हेंबर

आई पडून आहे. भिंतीकडे तोंड. कालपासून नुसतं पाणी. डॉक्टर येऊन गेले, ताप नाही म्हणाले.

अप्पांनी भाताचा घास पुढे केला तर म्हणाली, "ज्याच्यासाठी घातलं त्याचेच मासे मेले. मला कळलं काय ते."

आता हे कुठलं लॉजिक? मासे कच्च्या कणकेने मेले. त्याचा आणि अण्णाचा काय संबंध? मी तिच्या उशाशी बसून नीट सांगितलं, पहिल्यापासून, जठर नसतं कार्पला, नुसतं लांब आतडं असतं, त्यात कागद अडकतो. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवस उलटला रे माझा."

मला तिचा राग आला, त्या रामाचा आला, चीनचा आला, ज्याने कुणी पहिल्यांदा ही चिठ्ठ्यांची रीत काढली त्याचा आला. पण ती जे म्हणते ते तिच्या डोक्यात घातलं कुणी? पायरीवर उभा राहून "तू मारलेस" हे कुणी म्हटलं?

गुंडोअण्णाकडे गेलो. दारात बनियनवर उभे. मी म्हटलं, तुमचा दोष नव्हता. चुकलो.

"दारात चुकलास," ते म्हणाले. "शेडमध्ये बोलला होतास, सात माणसांपुढं. तिथं ये उद्या." आणि दार लावलं.

बरोबरच आहे म्हणा. तरी राग आला.

रविवार, २५ नोव्हेंबर

शेडमध्ये उभा राहून बोललो. गुंडोरावांनी काही केलं नव्हतं, मी न बघता आरोप केला, मला माफी द्यावी. विश्वेश्वर सरांनी विचारलं, "मग मासे मेले कशाने?"

मी म्हटलं, "आमच्या घरातून काहीतरी गेलं. आता जाणार नाही."

"घरातून म्हणजे? तू तर..."

"सर, सोडा की," गुंडोअण्णा मध्येच म्हणाले. "पोरगं बोलतंय एवढं पुरे."

बाहेर आल्यावर मला धरलं. "आता मला सांग. काय झालंय?"

सांगितलं. तार, चिठ्ठ्या, सगळं. ऐकताना त्यांनी हिंगाची डबी दहा वेळा उघडली आणि मिटली. मग माझ्याबरोबर घरी आले, चपला काढल्या आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यात बसले.

"तानूवैनी, मी गुंडो. तुमच्या ह्या शहाण्यानं मला तळ्यावरनं हाकलला होता. तुम्ही टाकायच्या गोळ्या आणि शिव्या खायच्या मी, असं झालं बघा."

आईने कूस बदलली. "चुकलंच हो माझं."

"चुकलं तर परत घाला की. नीट शिजवून घाला. माझ्या कोरड्या हरभऱ्यानं किती मेले असतील ते देवाला ठाऊक, म्हणून मी काय झोपून राहिलोय काय? मासे आहेत अजून तळ्यात. ते काय आज उपाशी बसायचे?"

आई उठून बसली. आणि गुंडोअण्णासाठी चहा ठेवायला मला सांगितलं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

आज सकाळी आई परसात येऊन माझ्या मडक्यापाशी बसली. म्हणाली, "शिकव."

मग नाचणीचं पीठ चाळलं, पाणी उकळलं, उंडा घाटला. गव्हाची कणीक घालायची तर तीही शिजवूनच. ती गोळ्या वळायला लागली आणि थांबली.

"नाव कुठे घालायचं?"

"कागद नाही, आई."

"नाव नसलं तर तो नुसता चारा झाला. तो तू घालतोसच की. माझं काय त्यात?"

मला परत राग चढणार होता. एवढं रामायण झालं तरी नाव पाहिजेच! पण मी काहीतरी बोलायच्या आत हाताला आगकाडी लागली. तिचं गुलाचं टोक मोडून टाकलं आणि गोळीवर काडीने लिहिलं. गोळी गरम होती, अक्षर छान उठलं.

आईने गोळी उजेडात धरून बघितली. "पाण्यात पुसून जाईल."

"तुझे कागद तरी कुठे राहत होते?"

"पोटात जाईल ना पण?"

"जाईल. आणि पचेल."

ते तिला पटलं. का ते मला माहीत नाही, पण पटलं. काडी माझ्या हातातून घेतली.

दुपारी अप्पा दुकानातून रेडिओ घेऊन आले. तो फडताळात ठेवला, कपडेही न बदलता आमच्याजवळ येऊन बसले आणि एक काडी मागितली. अप्पांचं अक्षर भयंकर आहे. आईने त्यांच्या दोन गोळ्या मोडून परत वळायला लावल्या.

रविवार, १६ डिसेंबर

त्यानंतर एकही मासा मेलेला नाही. रोज बघतो मी.

चीनने पकडलेल्या कैद्यांची नावं थोडी थोडी करून येतायत म्हणे. अप्पा रोज कुठल्या तरी ऑफिसात जाऊन उभे राहतात, मला घेऊन जातात. तिथल्या क्लार्कला मी परवा बोललोच. एक नाव बघून सांगायला "उद्या या" म्हणतो. माणसाचं नाव आहे ते! अप्पांनी मला बाहेर ओढलं.

आज आईबरोबर तळ्यावर गेलो. गुंडोअण्णा शेडपाशी गळ टाकून बसले होते, लांबूनच हात केला. आईने पायरीवर बसून मला विचारलं, किती घालू? म्हटलं, एक मूठ, खातात का बघ, मग दुसरी. तिने एकेकच सोडली. कार्प आले. एक मोठा, पाठ अगदी पाण्यावर, तिच्या बोटाला लागून गेला.

"नागू, हे जगतील ना?"

"जगतील की."

"असं नाही. नीट बघून सांग. तू शिकलायस. जगतील ना?"

मी पाण्यात बघितलं. पोटं सपाट होती, कल्ले नीट हलत होते, तळाशी कुजकं काही नव्हतं. जे दिसतं तेच मी सांगतो, उगाच कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे तिला माहीत आहे.

म्हटलं, "जगतील."

"नक्की?"

"नक्की, आई."

तिने मान हलवली, पदराने हात पुसले आणि पुढची गोळी माझ्या हातात दिली. म्हणाली, "आता तू घाल."